आकाराममामांनी ओतलेलं पाणी

आकाराममामा कुठल्याही गाडीत सरळ चढून बसल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. आधी गाडीभोवती एक फेरी मारायची, चाकांकडं बघायचं, मग मागं जाऊन तळहातानं गाडी खाली दाबून बघायची. एस.टी. असली तरी. कंडक्टर घंटी मारतोय, आत लोक बोंबलतायत, आणि हा माणूस मागच्या बंपरवर हात ठेवून उभा. मग सावकाश आत येऊन बसणार. माझ्याकडं कामाला आले तेव्हा ते साठीला टेकले होते. ही सवय बघून मला वाटलं, म्हातारं जरा सटकलेलं दिसतंय.

माझं शाहूपुरीत टायरचं दुकान. दुकान बरं चाललं की माणसाला नसते उद्योग सुचतात, मला कॅरॅव्हॅनचा सुचला. जीपच्या मागं जोडून ओढायची दोन चाकांची घरगाडी. आत दोन पलंग, एक बेसिन, आणि मागच्या बाजूला वर उघडणारं झाकण, त्याच्या आत स्वयंपाकाचा ओटा. उद्यमनगरातल्या एका कारागिराकडून मी ती बांधून घेतली. पन्हाळ्याला, दाजीपूरला, कोकणात जाणाऱ्यांना भाड्यानं द्यायची असा बेत. तिला धुवायला, पाणी भरायला आणि परत आली की तपासून घ्यायला माणूस हवा होता, तो ओळखीतून मिळाला.

मामांचं गाव म्हणजे राधानगरीच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी. बावीस हंगाम त्यांनी कारखान्याला बैलगाडीनं ऊस ओढला होता. ट्रॅक्टर वाढले, मामांनी बैल विकले. बायको बनाबाई गावी एक म्हैस आणि भाताचा तुकडा सांभाळून होत्या. मामा दुकानामागच्या खोलीत राहायचे आणि महिन्यातून दोनदा गावी जायचे. बोलणं फार कमी. विचारलं तर उत्तर, नाहीतर गप.

आमचं वाजलं ते पाण्यावरून. बेसिनला छोटी टाकी होती, पण टाकीतलं पाणी आपल्याकडं पितंय कोण? प्यायला वीस-वीस लिटरचे चार कॅन लागायचे. मी ठरवलं, ते ओट्याखाली, अगदी मागं ठेवायचे. झाकण उघडलं की हाताशी. त्यासाठी सुताराकडून सागवानी कप्पा करून घेतला, वर पॉलिश मारून. मामांनी कप्पा बघितला, पुढं गेले, जीपला जोडायचा दांडा हातानं उचलून बघितला आणि म्हणाले, "दादा, गाडी उलाळ हुतीया."

उलाळ म्हणजे मागं वजन जास्त होऊन पुढून हलकी झालेली गाडी. बैलगाडी उलाळ झाली की बैलांच्या मानेवरचं जू वर उठतं. हे मलाही ठाऊक होतं, आम्ही काही विलायतेतून आलेलो नाही. पण कप्पा नवा होता आणि मी मालक होतो.

"मामा, ही काय बैलगाडी न्हाय. लोखंडी सांगाडा हाय."

"आन लोखंडाला वजन कळत न्हाय व्हय? ऐंशी किलो पाणी शेपटाला टांगलंयसा."

"मग ठेवायचं कुठं?"

"चाकाच्या वर. दोन पलंगांच्या मधी, तळाला, दोरीनं बांधून. बसतील तेवढं दोन कॅन. बाकीचं रिकामं न्यायचं आन पोचल्यावर भरायचं. पाणी काय कोल्हापुरातच मिळतंय?"

पलंगांच्या मधे कॅन ठेवले की ते गिऱ्हाइकांच्या पायात येणार. मी ऐकलं नाही. पण मामा हट्टी. मी कप्प्यात ठेवायचो, ते काढून मधे बांधायचे. एक-दोन गिऱ्हाइकं परत येऊन म्हणाली, गाडी जरा वेगात घेतली की मागून शेपूट हलवते. मी त्यांच्याच ड्रायव्हिंगला नावं ठेवली. एकदा पुण्याचं एक कुटुंब गाडी न्यायला आलं होतं आणि मामा त्यांच्यादेखत कप्प्यातले कॅन बाहेर काढायला लागले. माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मामा, तुम्हाला बैलं कळत्यात, गाड्या कळत न्हाईत. सांगितलंय तेवढं करा."

मामांनी कॅन परत कप्प्यात ठेवले. त्या दिवसापासून त्यांनी पाण्याचा विषय काढला नाही. गाडी निघायच्या आधी दांड्यावर हात ठेवून बघायचे, एवढंच. टायर विकणाऱ्या माणसाला वजनाची अक्कल नसावी याची आज लाज वाटते, पण तेव्हा मी जिंकल्यासारखा वागलो.

गेल्या मे महिन्यात आम्ही स्वतःच कोकणात निघालो. मी, बायको मोना आणि माझी आई आक्का. घरची गाडी लोकांनी फिरवायची आणि आम्ही नुसती धुवायची, हे आक्काला पटत नव्हतं. राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरायचा होता. मामांना गावी जायचं होतं म्हणून ते बरोबर निघाले. वाटेत म्हणाले, "दोन घास खाऊन जावा. बनानं सांगितलंय." वाडी रस्त्यापासून आत होती, पण नाही म्हणायची सोय नव्हती.

नाचणीची भाकरी, आंबाड्याची भाजी, दही. आक्का पोटभर जेवली आणि म्हणाली, "काय पाणी गं बाई तुझं, गूळ घातल्यागत." झालं. एवढं एक वाक्य पुरलं. आमच्या आक्काचं पोट नाजूक, परक्या गावचं पाणी तिला सोसत नाही, हे मोनानं सहज सांगितलं, आणि बनाबाई उठल्या. पावण्यांना चार दिवस पुरेल एवढं पाणी बरोबर द्यायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

मे महिन्यात डोंगरातल्या वाडीवर पाणी देणं म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगून कळायचं नाही. खाली धरण आहे, पण वाडीची विहीर तळाला गेलेली. उतार उतरून जायचं, पाणी साठायची वाट बघायची, आणि डोक्यावर घेऊन चढ चढायचा. आणि एकट्या बनाबाईंचंच नाही. मामांचे मालक आलेत म्हटल्यावर भावकीतल्या पाच घरांनी आपापल्या कळश्या उचलल्या. एकीचं घेतलं आणि दुसरीचं नाही, असं तिथं चालत नाही. आमचे चार कॅन पुढं भरायचे म्हणून रिकामेच होते, ते भरले, आणखी दोन कुठून तरी आले, तेही भरले. सहा घरांचे सहा कॅन. वर कुणीतरी घनसाळ तांदळाचं अर्धं पोतं आणून ठेवलं. सगळं कुठं ठेवलं? झाकण मागं होतं, बायका मागं उभ्या होत्या. सगळं मागंच गेलं. कप्प्यात चार, ओट्यावर दोन, त्यावर पोतं.

जीप वळवायला अंगणात जागा नव्हती म्हणून घरगाडी सोडवून बाजूला उभी केली होती. आता ती पुन्हा जोडायची होती. आक्का जीपमध्ये जाऊन बसली. बायका निरोप द्यायला उभ्या. मामा दांड्याजवळ गेले, हात ठेवला आणि तसेच थांबले. बराच वेळ. मला वाटलं, पाठीत उसण भरली की काय.

"दादा, हिकडं या," ते म्हणाले. "दांडा उचला. एका हातानं."

मी उचलला. बाजेचा पाय उचलावा तसा तो वर आला. तरीही मी म्हणालो, "जीपला जोडला की बसतोय की जागेवर."

"जोडला म्हणूनच भ्या वाटतंय. उतारावर ही मागनं डुलाय लागली की जीपचं ढुंगण वर उचलणार. घाट हाय म्होरं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "जीपमधी आक्का हायत."

आता करायचं काय? जीप सामानानं भरलेली, मधे फार तर दोन कॅन ठेवता आले असते. पण कुणाचे दोन? कुणाचं पाणी न्यायचं आणि कुणाचं परत करायचं? पावण्याला दिलेलं पाणी कुणी पुन्हा कळशीत घेतही नाही. सहाही बायका समोर उभ्या होत्या, पदरानं घाम पुसत. खरं सांगायचं तर मी मनात म्हणत होतो, जाऊ दे, सावकाश चालवू, होईल काय व्हायचं ते.

मामा मागं गेले. त्यांनी पहिला कॅन ओढून काढला तो बनाबाईंचा. उचलून म्हशीच्या दोणीपाशी नेला, झाकण फिरवलं आणि ओतला. दोणी भरली. मग दुसरा कॅन आणला, तोही ओतला. दोणीवरून पाणी अंगणात आलं, सारवलेल्या जमिनीवरून ओघळत तुळशीपर्यंत गेलं. मोनानं माझा दंड धरला होता. चौथ्या कॅनला भावजयीनं विचारलं, "भावजी, आवो काय चालवलंयसा? पाणी हाय त्ये."

मामा थांबले. बावीस हंगाम गाडी हाकलेला माणूस, पण चार लोकांत बोलायची सवय नाही. जमिनीकडं बघत बोलले.

"अठरा वर्सं झाली. कारखान्याच्या चढावर मुकादमानं चार मोळ्या मागं टाकल्या. गाडी उलाळ हाय ह्ये मला कळलंतं. म्हटलं, त्यो मोठा माणूस, आपण कशाला बोलायचं. अर्ध्या चढाला जू वर उठलं. हरण्याच्या गळ्याला पट्टा आवळला. सोडवूस्तवर गेला." एवढं बोलून त्यांनी चौथा कॅन ओतला. मग म्हणाले, "तवा बैल हुता. आज माणसं हायत."

पाचवा आणि सहावा कॅन भावजयीनंच आणून दिला. बनाबाई मात्र पहिल्या कॅनलाच घरात निघून गेल्या होत्या आणि दार पुढं ओढून घेतलं होतं. मामांनी रिकामे कॅन दोरीनं बांधून पलंगांवर ठेवले, तांदळाचं पोतं जीपमध्ये आपल्या रिकाम्या जागी टाकलं, दांडा जोडला, दाबून बघितला. मला म्हणाले, "खाली फोंड्यात भरून घ्या. आक्कास्नी उकळून द्या." मग दाराकडं एकदा बघितलं. त्या माणसाचा चेहरा बघवत नव्हता. सगळ्या भावकीपुढं त्यांनी बायकोचं पाणी ओतलं होतं, आणि तेही माझ्यासाठी, ज्यानं त्यांना सगळ्यांपुढं गप्प बसवलं होतं त्याच्यासाठी. मला माफी मागायची होती. मी नुसतं "येतो" म्हणालो.

घाटात काही झालं नाही. एका वळणावर समोरून एस.टी. आली, मी करकचून ब्रेक दाबला. मागची गाडी सरळ रेषेत थांबली. आक्कानं डोळे उघडून विचारलं, "आलं व्हय?" आणि पुन्हा झोपली. मी गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं नुसता बसलो. मोनानं पाण्याची बाटली पुढं केली. त्यात बनाबाईंच्या विहिरीचंच पाणी होतं, जेवताना भरलेलं.

चौथ्या दिवशी परतताना मी गाडी वाडीकडं वळवली. मोना म्हणाली, "घरात जाऊन आधी बनाबाईंची माफी मागा, मग मामांची." मी तेच ठरवलं होतं. मामा अंगणात म्हशीला वैरण टाकत होते. मला बघून दाराकडं मान हलवली आणि हळूच म्हणाले, "अजून धड बोलली न्हाय."

बनाबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो आणि घाटातली गोष्ट सांगितली. म्हणालो, "मामांचा दोष न्हाय. चूक माझी हाय. त्यांनी परत परत सांगितलं आणि मी त्यांनाच चार माणसांत बोललो. तुमचं पाणी माझ्यामुळं गेलं. मामांवर राग धरू नका."

बनाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"राग कशाचा धरू, बाबा? पाणी काय, उंद्या पुन्यांदा साठतंय." त्या अंगणाकडं बघत बोलत होत्या, मामांना ऐकू जाईल अशा आवाजात. "हरण्या गेल्यापास्नं ह्यो माणूस निजंत दात खातोय. बोललो असतो तर, बोललो असतो तर. अठरा वर्सं ह्येच ऐकतोय मी. त्या दिशी कॅन ओतला तवा कळलं मला, आता ह्यो बोलणार. रडू आलं म्हणून आत गेलतो. बायांम्होरं कशाला रडायचं."

अंगणात मामांच्या हातातली वैरण तशीच राहिली होती. म्हैस ती त्यांच्या हातातूनच ओढून खायला लागली.

"मग चार दिस बोलली का न्हाईस?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"तुमी इचारलंसा का?" बनाबाई म्हणाल्या. "अठरा वर्सांनी एकदा त्वांड उघडलं, आन पुन्यांदा मिटून बसलासा."

मग त्या आत गेल्या आणि तांब्या भरून बाहेर आल्या. मी एक घोट घेऊन तांब्या खाली ठेवायला लागलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"सगळं प्या. आक्कास्नी आन सूनबाईलाबी बलवा," त्या म्हणाल्या. "पोटात घिऊन जावा. तिथलं पाणी काय उलाळ हुत न्हाय."