द्राक्षाच्या पाल्याचा काढा

आमच्या मॅडम बोलता बोलता समोरच्या लोखंडावर नख ओढून गंज बघायच्या. एसटीची दांडी, मंगल कार्यालयाचं गेट, कुणा आजाऱ्याला भेटायला गेल्या तर कॉटची कड. सांगलीच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या. मुलं मागून त्यांना पोलादबाई म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही.

मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होतो. गंज काढायला लोखंड ॲसिडमध्ये बुडवतात. पण गंज संपला तरी ॲसिड थांबत नाही, खालचं चांगलं पोलादही खातं. ते रोखायला त्यात थोडं सेंद्रिय द्रव्य घालतात; ते पोलादाला चिकटून पातळ थर धरतं. बाजारातली द्रव्यं बहुतेक विषारी. मॅडम तासगावच्या बागायतदाराची लेक. छाटणीत पडलेला द्राक्षाचा पाला उकळून त्यांनी काढा केला.

"आक्का, लोखंडाला काढा पाजतीस व्हय?" त्यांचा भाऊ विचारायचा.

"तुझ्यापरास लवकर ऐकतंय ते," त्या म्हणायच्या.

काढा लागू पडला. ॲसिडमध्ये ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांचं वजन जेमतेम घटलं. मलकापूरचा एक कारखानदार बॉयलरच्या नळ्या धुवायला तो घेणार होता, मला नोकरीही देणार होता. त्याच आठवड्यात मॅडमनी ॲसिड तापवून पाहिलं. थर सुटला, पट्टी झिजली. आणि नळ्या तर गरम ॲसिडनंच धुतात.

"गार असताना चालतंय, एवढंच सांगू," मी म्हणालो.

"आन् तो गरम वापरणार, हे ठाऊक असून? नळी फुटली तर तिथं आपण नसतो रं. दुसरीच माणसं असत्यात."

त्यांनी स्वतः फोन करून नाही म्हणून सांगितलं. नोकरी गेली. मला फार लागलं. पुढचा आठवडाभर त्यांच्या डब्यात माझ्यापुरती जादा भाकरी असायची.

काढ्यातलं कुठलं द्रव्य गरमातही टिकतं, हे शोधण्यात पुढे बराच काळ गेला. सापडलं तेव्हा मॅडमना कॅन्सर झाला होता. कारखानदारानं पुन्हा बोलावलं. चाचणीला मी एकटाच गेलो. धुतलेली एक नळी कापून पाहिली : आतून स्वच्छ, जाडी शाबूत. लगेच हॉस्पिटलात फोन लावून मी आकडे सांगू लागलो.

"ॲसिडचा धूर उठला का?" त्यांनी मध्येच विचारलं.

"फारसा नाही."

"तिथली माणसं खोकली?"

"नाही, मॅडम."

"मग जेवून घे. सकाळधरनं उपाशी असशील."

ते आमचं शेवटचं बोलणं. कारखान्यासमोरच्या टपरीवर मी मिसळ मागवली, आणि सगळी संपवली.