उताराचा नारळ

देवावर माझा भरवसा होता, पण त्याला सवड द्यायची माझी तयारी नव्हती. त्या आठवड्यात तर मुळीच नव्हती. कपाशीनं दगा दिलेलं साल होतं ते. अकोल्याच्या सरकी काढायच्या जिनांसमोर आम्हा ड्रायव्हरांच्या गाड्या दिवसेंदिवस रिकाम्या उभ्या असायच्या आणि आम्ही सावलीत बसून एकमेकांचं डोकं खायचो. अमरावतीच्या ज्या शेठकडे मी बारा वर्षं ट्रक चालवला, त्यांनी एक दिवस सरळ सांगून टाकलं, की आपल्याला आता गाड्या विकून मोकळं व्हायचंय. तुझ्या हातातली गाडी तूच घे, नाहीतर सोमवारी दुसरं गिऱ्हाईक ती घेऊन जाईल. इकडे मेहुण्यानं सरकारी मोटारीवर ड्रायव्हरची जागा पाहून ठेवली होती. बांधलेला पगार, खाकी कपडे, काळजी नाही. स्वतःची गाडी घ्यायची तर बायकोच्या पाटल्या मोडायच्या, आणि भाडं मिळालं नाही तर नोकरीही गेली आणि पाटल्याही गेल्या.

माझा जीव थाऱ्यावर नव्हता. भाजीत मीठ नाही, हेदेखील मला बायकोनंच सांगितलं. तिला विचारलं तर म्हणाली, "मनात तं तुमी ठरवूनच बसले. मंग मले काहून इचारता?" मी काही ठरवलं नव्हतं. खरं म्हणजे दर तासाला ठरवत होतो आणि दर तासाला मोडत होतो.

शनिवारी शेठची शेवटची खेप म्हणून धारणीहून बांबू भरला आणि परतवाड्याकडे निघालो. घाटमाथ्यावर रस्त्याच्या कडेला मारुतीचं ठाणं आहे. उतार लागण्याआधी सगळे ड्रायव्हर तिथं थांबतात, नारळ फोडतात आणि मगच गाडी खाली घालतात. मीही बारा वर्षं तेच केलं होतं. पण त्या दिवशी उताराच्या नारळावर मी माझं आणखी एक काम चढवलं. मनात म्हटलं, मारुतीराया, नारळ चांगला निघाला तर गाडी घेतो, नासका निघाला तर सरकारी मोटार.

नारळ नासका निघाला. वास असा सुटला की मीच मागे सरलो.

देवाचा कौल मिळाला होता, तर गुपचूप निघायला हवं होतं की नाही? पण माझा पाय निघेना. गाडी हातची जाते म्हटल्यावर मला ती हवी आहे हे कळलं! ठाण्याची झाडलोट करणारी एक म्हातारी तिथं नारळ विकायची. तिच्याकडे मी दुसरा मागितला.

"काहून रे बाप्पा? आताच तं फोडला."

लाज वाटली, पण खरं ते सांगून टाकलं. ती बोळक्या तोंडानं हसली. "एका नारयात देवाले दोन कामं सांगतं काय तू? उताराचा नारय उताराले. धंद्याचं इचारायचं असन तं येगळा फोड."

तिची टोपली रिकामी होती. सून परतवाड्याहून मोटारीनं नारळ घेऊन यायची होती. मी थांबलो. थांबलो कसला, येरझाऱ्या घातल्या. दर दोन मिनिटांनी रस्त्यावर जाऊन मोटार दिसते का पाहत होतो. मारुतीवरही मनातल्या मनात चिडलो, ते आता लपवून काय उपयोग. तेवढ्यात म्हातारी ओरडली, "अरे, हे काय करून ठेवलं माह्या आंगनात? सकायीच सारवलं होतं मी!"

तिच्या ताज्या सारवलेल्या जमिनीवर, गाडीच्या मागच्या चाकाखाली, ओला डाग पसरला होता. बोट लावून पाहिलं. ब्रेकचं तेल होतं. गाडीत बसून ब्रेक दाबला, तर पाय सरळ तळाला गेला. चढावर ब्रेकचं काम नव्हतं म्हणून कळलं नव्हतं. उतारावर पहिल्याच वळणाला कळलं असतं. मी खाली उतरलो आणि तिथंच चाकाला टेकून बसलो.

नारळांच्या मोटारीआधी खंडव्याकडून एक ट्रक आला. त्याचा ड्रायव्हर माझा चेहरा पाहूनच उतरला. "क्या हुआ, भैया?" एवढंच विचारलं आणि लुंगी खोचून गाडीखाली शिरला. चाकातलं फाटलेलं वॉशर त्यानं काढलं, स्वतःच्या पेटीतलं नवं घातलं, तेल भरलं. मी त्याच्याशेजारी पाठीवर पडून होतो. बारा वर्षं ही गाडी हाकली, पण तिच्या पोटाखाली त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. शेठचा मिस्त्री पाहतो, आपल्याला काय, असाच माझा खाक्या होता. त्या भल्या माणसाचं नाव विचारायचं राहूनच गेलं, याची चुटपुट अजून आहे.

मग मोटार आली, सूनही नारळ घेऊन आली. मी एकच नारळ घेतला, उताराचा. फोडला आणि काहीही विचारलं नाही. खोबरं कसं निघालं तेही पाहिलं नाही. तुकडे म्हातारीनं गोळा केले. हात जोडताना एवढंच म्हटलं, की आता तू नेशील तिथं येतो. कितीतरी दिवसांनी मन शांत झालं होतं. नासका कौल उताराचा होता, धंद्याचा नव्हता; सोमवारी पाटल्या मोडून शेठकडून गाडी घेतली.

धंदा फार भरभराटीला आला असं नाही. पाटल्या पुन्हा घडवायला सात वर्षं लागली आणि मधे मेहुण्याची खाकी पाहून जीव जळलाही. पण मला घाई झाली होती तेव्हा नासक्या नारळानं मला अडवून धरलं, हे उपकार कसे विसरू? आजही घाटमाथ्यावर थांबलो की आधी जमिनीवर आडवा होऊन सगळ्या चाकांखाली पाहतो, मग उठून मारुतीपुढे जातो. म्हातारी होती तोवर मला चिडवायची, "आदी देवाच्या पाया पड ना रे बाप्पा, मंग गाडीच्या."

मी कपाळाची माती न झटकता म्हणायचो, "पडलो ना माय."