गच्चीवरच्या बारमध्ये आई

पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलच्या गच्चीवर बार आहे आणि त्या बारची प्रमुख मी आहे. माझी आई म्हणजे तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याला आमच्या गावातली दारूची भट्टी बंद पाडणारी बाई. ही दोन वाक्यं मी एका दमात सांगितली की लोक हसतात. आता मीही हसते. पण बरीच वर्षं आमच्या घरात यावर कुणी हसत नव्हतं.

आधी भट्टीचं सांगते. माझा मामा, आईचा एकुलता एक भाऊ, बैलगाडा शर्यतीचा शौकीन होता. त्याची बैलजोडी पुढे आली की तो मला खांद्यावर घेऊन नाचायचा. पुढे ओढ्याकाठच्या भट्टीवर त्याचं जाणं वाढलं. आधी बैल गेले, मग तब्येत गेली, आणि चाळिशी गाठायच्या आत तो स्वतःच गेला. आई रडली ते एकदाच. तेराव्यानंतर ती घरोघर फिरली, बायका गोळा केल्या आणि ओढ्यावर गेली. मी तेव्हा शाळेत होते, पण त्या दिवशी तिच्या मागे होते. बायकांनी पिंपं पालथी केली, तसा आंबलेल्या गुळाचा वास सगळ्या ओढ्यात पसरला. भट्टीवाला कुऱ्हाड घेऊन धावत आला. आई त्याच्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, "मार. पन मी हितनं उठायची न्हाई." तिच्या मागं बाकीच्या बायकाही बसल्या. दिवस मावळला तरी उठल्या नाहीत. शेवटी पोलीस आले आणि भट्टी बंद झाली, ती कायमची.

त्यानंतर गावात आईचा दरारा असा होता की संध्याकाळी पुरुष तिच्याशी बोलताना तोंडापुढं हात धरायचे. ती वास घ्यायची. सरळ जवळ जाऊन वास घ्यायची.

अशा बाईची मी मुलगी. बारावीनंतर खंडाळ्याच्या एका हॉटेलात लागले. आधी लग्नांच्या पंगतीत पाणी आणि सूप द्यायचं काम होतं. मग पोहण्याच्या तलावाशेजारी ज्यूसच्या काउंटरवर उभं केलं. तिथं मला कळलं की चवींचं आपल्याला काहीतरी कळतं. लिंबू किती, मीठ किती, आलं कुठं घालायचं आणि कुठं नाही, हे मला कुणी सांगावं लागत नसे. तिथल्या बारवर एक गोव्याचे वयस्क गृहस्थ होते. त्यांनी माझं काम बघून मला विचारलं, "शिकणार का?" मी हो म्हणाले.

त्याच रविवारी घरी जाऊन मी आईला सांगितलं. ती म्हशीची धार काढत होती. धार थांबली नाही. चरवी भरली, तिनं ती बाजूला ठेवली आणि मग माझ्याकडं बघितलं.

"तू पितीस?"

"चाखावं लागतं. पीत नाही."

"आन दुसऱ्यांना पाजणार."

मी चरवी उचलून आत नेली. तिनं मला अडवलं नाही. रागावलीही नाही. फक्त माझ्या कामाबद्दल बोलणं तिनं बंद केलं. फोनवर भात, म्हशी, पाऊस, वडिलांचा गुडघा, सगळं यायचं. गावात कुणी विचारलं, तर "पोरगी हाटेलात हाये" एवढंच ती सांगायची. मी खंडाळ्याहून पुण्याला आले, बक्षिसं मिळवली, एका मासिकात फोटो आला. त्यातलं ती काही विचारत नसे. मात्र दर उन्हाळ्यात डोंगरातली करवंदं टोपलीभर पाठवायची. त्याचा मी पाक करून ठेवायचे.

गेल्या वर्षी मला बारचं प्रमुख केलं. आमच्या हॉटेलात अशी बढती मिळाली की घरच्यांना एक दिवस पाहुणे म्हणून राहायला बोलावता येतं. मी फोन केला.

आई म्हणाली, "भाताची झोडणी हाये."

झोडणी झाल्यावर पुन्हा फोन केला. तेव्हा म्हशी होत्या. वडील मागून ओरडले, "म्हशी मी बघतो, तू जा की!" तरी ती तयार होईना. मग मी बेगडेवाडीला मावशीला फोन लावला. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. एका कंपनीच्या कँटीनमध्ये तिनं हयात घालवली आहे आणि तिला कशाचंच भय वाटत नाही. तिनं आईला काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण पुढच्या आठवड्यात आई कामशेतला लोकलमध्ये बसली, मावशी बेगडेवाडीला चढली आणि दोघी पुण्याला उतरल्या. आईनं ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती. मावशीच्या हातात एवढी मोठी पिशवी होती, जणू महिनाभराचा मुक्काम आहे.

हॉटेलच्या दारातच पहिला अडथळा आला. सामान तपासायच्या यंत्रातून पिशवी गेली आणि सुरक्षा रक्षकानं ती बाजूला घेतली. आत अडकित्ता निघाला.

"मावशी, हे आत नेता येणार नाही," तो नम्रपणे म्हणाला.

"मंग सुपारी काय दातानं फोडू? आन दात कुटं हायेत?" मावशीनं तोंड उघडून दाखवलं. रक्षक हसायला लागला. शेवटी त्यानंच सुपारी फोडून दिली आणि अडकित्ता आपल्या टेबलाच्या खणात ठेवला.

खोली बाराव्या मजल्यावर होती. आई दारातच चप्पल काढून उभी राहिली. गालिचावर पाय ठेवताना तिनं आधी अंगठा टेकवला, जसा चिखलाचा अंदाज घेतात तसा. मावशी थेट पलंगावर बसली आणि गादीत एवढी रुतली की पायच वर आले. पण खरी गंमत न्हाणीघराची झाली. त्याची एक भिंत काचेची आहे.

"ह्ये काय गं?" आई म्हणाली. "लोकांनी बघायचं का काय?"

पडद्याचं बटण असतं हे मी सांगेपर्यंत मावशीनं पलंगावरची चादर ओढून काचेवर धरली होती. बटण दाबल्यावर पडदा आपोआप खाली आला. मग मावशीनं तो चार वेळा खालीवर केला. आई मात्र खिडकीशी गेली. खाली सगळं शहर होतं. तिनं बराच वेळ पश्चिमेकडं बघितलं.

"आपला किल्ला कुटं दिसतोय का?"

"नाही गं आई. लांब आहे."

"असू दे," ती म्हणाली.

संध्याकाळी माझी ड्यूटी होती. मी मुद्दाम म्हणाले, "तुम्हाला जेवण खोलीतच मागवता येईल. वर यायलाच पाहिजे असं नाही." मी माझा काळा कोट चढवून वर गेले आणि कामाला लागले. खरं तर हात कामात आणि डोळे लिफ्टकडं अशी माझी अवस्था होती.

सूर्य टेकला होता तेव्हा लिफ्टचं दार उघडलं. मावशी पुढं, आई मागं. आईनं पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता. माझ्या सहकाऱ्यानं त्यांना कोपऱ्यातल्या, काउंटर नीट दिसेल अशा टेबलावर बसवलं. आई खुर्चीला पाठ न टेकता बसली. भोवती हसणं चाललं होतं, पेल्यांचा आवाज होता, मंद गाणी होती. ती सगळ्यांकडं नाही, माझ्या हातांकडं बघत होती.

मी दोघींसाठी करवंदाचं सरबत केलं. तिनंच पाठवलेल्या करवंदांचा पाक, आल्याचा रस, लिंबू, चिमूटभर काळं मीठ आणि वर सोडा. आमच्याकडं याच पाकाचं एक कॉकटेल सगळ्यात जास्त चालतं, पण हे साधं होतं. मी स्वतः नेऊन टेबलावर ठेवलं.

"ह्यात काय न्हाई ना?"

"काहीच नाही."

आईनं पेला उचलला आणि वास घेतला. अगदी तसाच, पूर्वी पुरुषांच्या तोंडाचा घ्यायची तसा. मग एक घोट घेतला. थांबली. दुसरा घेतला.

"ही आपल्या डोंगरातली हायेत."

"तूच पाठवलीस की."

तिनं मान हलवली आणि मी काउंटरवर परत आले. मावशीचा पेला तोपर्यंत रिकामा झाला होता.

थोड्या वेळानं तो प्रकार घडला. वाढदिवसाची एक पार्टी आली होती. त्यातला एक माणूस, चांगल्या कपड्यांतला, पन्नाशीचा, काउंटरवर येऊन आणखी एक पेय मागू लागला. त्याचे शब्द जड झाले होते. मी त्याच्यासमोर पाणी आणि खायची ताटली ठेवली आणि म्हणाले, "सर, आज एवढंच पुरे. आधी काहीतरी खा."

तो चिडला. "तू मला सांगणार? मी पैसे देतोय. मॅनेजरला बोलाव."

आजूबाजूची टेबलं गप्प झाली. मॅनेजर आले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी एवढंच म्हणाले, "यांना मी देणार नाही. आणि यांनी गाडीही चालवू नये." माणूस काउंटरवर मूठ आपटत होता. माझा आवाज चढला नाही, पण भीती वाटत होती, म्हणून काउंटरची कड मी आतून घट्ट धरून ठेवली होती. मॅनेजर त्याला म्हणाले, "सर, बारवर यांचा शब्द शेवटचा असतो."

तेव्हा माझी नजर कोपऱ्यात गेली. आई उभी राहिली होती. मावशीनं तिचा पदर धरला होता, पण ती काही पुढं येत नव्हती. नुसती उभी होती, सरळ, दोन्ही हात पोटाशी घेऊन. लहानपणी ओढ्यावर तिच्या मागं उभं राहून मला तिची फक्त पाठ दिसली होती. चेहरा आत्ता पाहिला. मला भीती वाटायची थांबली.

माणूस हळूहळू शांत झाला. बसला, पाणी प्यायला, थोडं खाल्लं. त्याच्या गाडीची किल्ली खालीच ठेवून घेतली आणि हॉटेलच्या ड्रायव्हरनं त्यांना घरी सोडलं. निघताना त्याची बायको काउंटरपाशी थांबली. माझ्या हातावर हात ठेवला आणि गेली.

गर्दी ओसरल्यावर मी आईच्या टेबलाशी जाऊन बसले. ती रिकामा पेला हातात फिरवत होती.

"त्या भट्टीवाल्यानं," ती म्हणाली, "माझ्या भावाला एकदा जरी असं 'बास' म्हटलं असतं..."

मावशीनं डोळ्याला पदर लावला. मग आई माझ्याकडं वळली.

"तुझं काम चांगलं हाये, असं मी म्हणनार न्हाई. त्ये मला जमायचं न्हाई. पन तू त्ये चांगलं करतीस. लय चांगलं करतीस."

मला आजवर मिळालेली बक्षिसं माझ्या खोलीतल्या फळीवर आहेत. आईचं हे वाक्य त्या सगळ्यांच्या वरचं. मी फक्त विचारलं, "आणखी एक सरबत करू का?" तर मावशी लगेच म्हणाली, "कर की!"

सकाळी नाश्त्याला मॅनेजर आमच्या टेबलापाशी आले. त्यांनी आईला नमस्कार केला आणि माझं कौतुक सुरू केलं. आईनं ते ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "काल पोरीच्या मागं हुबं ऱ्हायलात, बरं केलंत." ते जरा गडबडले. मग मोठ्या आदबीनं म्हणाले, "तुम्ही आलात, आम्हाला आनंद झाला." आईनं मान डोलवली, जणू हॉटेल तिनंच पास केलं होतं.

मी दोन दिवसांची सुट्टी काढून त्यांच्याबरोबर निघाले. मावशी बेगडेवाडीला उतरली, आम्ही कामशेतहून जीपनं गावाकडं. पवना धरणाचं पाणी दिसायला लागलं तसं आईनं चप्पल नीट केली, पदर नीट केला. जीपमधून उतरलो तर आमची शेजारीण भेटली.

"कुटं गेलती गं, ठेवणीतली साडी नेसून?"

"लेकीच्या हाटेलात," आई म्हणाली. मग आवाज जरा चढवूनच म्हणाली, "ती तितं दारूच्या कौंटरवर मोठी हाये. कुनाला द्यायची आन कुनाला न्हाई, त्ये तिच्या हातात असतंय. मॅनेजरसुदिक तिचं ऐकतो."

शेजारणीचं तोंड उघडंच राहिलं. "दारूच्या...? तुझी पोरगी?"

"व्हय. माझीच. ये घरात, सांगते."

ती आली, आणि तिच्यामागं आणखी दोघी आल्या. भट्टीवर आईबरोबर बसलेल्या बायका, आता केस पांढरे झालेल्या. आई ओट्यावर बसून सांगू लागली. वडील म्हशींना वैरण टाकायचं सोडून दाराशी येऊन उभे राहिले. मी आत चहा टाकला. तिथून मला सगळं ऐकू येत होतं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो माणूस साधा होता आणि मी हळू बोलले होते. शेजारणीची सून आली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, त्यात तो माणूस दांडगा झाला होता, पैलवानासारखा. तिसऱ्यांदा त्याच्याबरोबर चार जण होते आणि माझ्या एका आवाजानं सगळी गच्ची गप्प झाली होती.

मी चहाचे कप घेऊन बाहेर गेले. सगळ्याजणी माझ्याकडं बघायला लागल्या, कुणी नवीनच माणूस आल्यासारख्या.

"व्हय का गं, चौघं होते?" एकीनं विचारलं.

मी आईकडं पाहिलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, चहात फुंकर घालत होती.

"हो," मी म्हणाले, "चौघं होते."