विदोसावाने भावाला लावलेला फोन

झ्रेन्यानिन गावच्या टेलिफोन केंद्रात विदोसावा दुरुस्ती खात्यात होती. एकोणीस वर्षं तिचं आणि माझं टेबल शेजारी शेजारी. तिचा धाकटा भाऊ रादिवोय किकिंदाला सुतारकाम करायचा, जन्मापासून बहिरा. अख्ख्या गावाचे फोन चालू ठेवणाऱ्या या बाईला सख्ख्या भावाला फोन करता येत नव्हता. तातडीचं काही असलं की तार करायची.

सत्त्याऐंशी साली तिने टीव्हीला जोडायचे दोन कमोडोर संगणक घेतले, एक स्वतःला, एक भावाला. लुब्लियाना शहरातल्या एका इंजिनिअरकडून दोन मोडेम मागवले, म्हणजे एका संगणकावर टाइप केलेलं फोनच्या तारेतून दुसऱ्यावर उमटेल. पण त्यांचा नंबर माणसाने फिरवायचा, पलीकडची शिट्टी कानाने ऐकायची, मग बटण दाबायचं.

"रादिवोय कसा ऐकणार शिट्टी?" ती मला म्हणाली. "यागोदा, हे सगळं प्रोग्रॅमनेच करायला हवं."

तिने मोडेम उघडून आत एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा खटका, बसवला. जितका आकडा तितक्या वेळा प्रोग्रॅमने तो टकटक उघडमीट करायचा, म्हणजे तबकडी फिरवल्यासारखा नंबर लागेल. भावाकडे घंटी आली की टीव्हीचा पडदा लालभडक व्हायचा आणि मोडेम आपोआप फोन उचलायचा.

पहिल्या रविवारी मी तिच्याकडेच होते. प्रोग्रॅमने नंबर लावला, मोडेम किंचाळला आणि रिसीव्हरमधून एक बाई कडाडली, "कोण आहे रे? डुक्कर कापताय का फोनवर?"

"माफ करा हो बाई, राँग नंबर!"

पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई. "तुम्हाला दुसरं घर नाही का मिळत?"

मी हसून हसून बेजार. विदोसावा हसली नाही. तिने रिलेवर बोट टेकवलं, डोळे मिटले आणि प्रोग्रॅम परत चालवला.

"दोन आणि एकच्या मध्ये तो थांबतच नाहीये. केंद्र बिचारं तीन समजतंय."

तिने दोन आकड्यांमधला वेळ वाढवला. या वेळी पलीकडून शिट्टी आली, टीव्हीवर चौकोन लुकलुकला आणि एकेक अक्षर उमटू लागलं.

कोण गेलं?

तार यायची ती कुणी गेल्याचीच, त्यामुळे त्याला दुसरं काही सुचलंच नाही. विदोसावाने टाइप केलं: कुणी नाही रे. जेवलास का?

मासळीचा रस्सा. खारट झाला.

ती ओक्साबोक्शी रडली. मी तिला रडताना पाहिलं ते तेवढंच.

पुढच्या तीन वर्षांत तिने आमच्या बनात प्रांतातल्या बहिऱ्यांच्या अकरा घरांत हे जोडून दिलं. सुट्टीच्या दिवशी बसने जायची, पिशवीत सोल्डरिंग आयर्न आणि प्रोग्रॅमची कॅसेट. प्रत्येक गावचं केंद्र निराळं. तिथली टकटक ऐकून प्रोग्रॅममधले वेळेचे आकडे बदलायची, मगच उठायची.

रादिवोय मात्र रोज फोन करायला लागला.

"कटकट आहे नुसती," ती कुरकुरायची. "चाळीस वर्षांचं साठवलंय मेल्याने. गप्पच बसत नाही!"

आणि घड्याळाकडे बघत लगबगीने घरी निघायची.