झिजलेली टाच

बुटांच्या सोल्युशनचा वास आला की मला जुन्नरच्या पेठेतलं चाचांचं दुकान आठवतं. मी कॉलेजात होते आणि जिल्ह्याच्या तीन हजार मीटर शर्यतीसाठी पहिल्यांदाच खिळ्यांचे बूट घ्यायला शिनोलीहून एसटीने आले होते. मला ते लालभडक, लांब खिळ्यांचेच हवे होते. शंभर मीटरवाल्या मुली तसलेच घालायच्या. चाचा म्हणाले, "आधी पायातलं बूट काढ." माझे फाटके कॅनव्हास उलटे करून त्यांनी टाचेकडे झिजलेल्या तळावरून अंगठा फिरवला. "तू टाच टेकून पळती, बेटा. ह्या लालला टाचंखाली कायबी न्हाई. अन् खिळं लई लांब. साडेसात फेऱ्या पाय मातीतनं उपटतच बसशील." मग त्यांनी मळकट करड्या रंगाचा, जाड टाचेचा, आखूड खिळ्यांचा जोड काढला. मी तो रुसूनच घेतला. शेवटच्या फेरीत तसेच लाल बूट घातलेल्या दोघी मागे पडल्या, तेव्हा मला तो अंगठा आठवला. एसटी पकडायलासुद्धा कधी न पळालेल्या त्या माणसाने माझं पळणं न बघताच ओळखलं होतं! परवा लेकीसाठी स्पाइक्स घ्यायला गेले. दुकानदाराने नंबर विचारला. मी पिशवीतून तिचे जुने बूट काढले आणि काउंटरवर उलटे ठेवले.