शून्य वाजून चाळीस मिनिटं

भिवाजी ओव्हाळ टाइमकीपर होते, आणि टाइमकीपर हा जन्मावाच लागतो असं त्यांचं स्वतःचं ठाम मत होतं. पिंपरीतल्या एका रबर कंपनीच्या गेटाला लागून पत्र्याची खोली होती, तिला टाइम ऑफिस म्हणत. बासष्ट सालापासून भिवाजी तिथे बसत. सकाळी सातचा भोंगा वाजला की ते लाल शाईचा पेन उघडत. त्यानंतर गेटातून आत येणाऱ्याचा अर्धा रोज कापला गेलाच म्हणून समजा. मग तो कामगार असो, मुकादम असो, नाहीतर त्यांचा सख्खा मेव्हणा असो. मेव्हण्याचा एकदा कापलाही होता, आणि त्या दिवाळीत घरात जे झालं ते केसरबाई, म्हणजे त्यांची बायको, अजून विसरली नव्हती.

हजेरीपुस्तकात शेवटी एक रकाना होता. त्याचं नाव 'शेरा'. उशीर का झाला ते तिथे लिहायचं. भिवाजींच्या पुस्तकात तो रकाना सतरा वर्षं कोरा होता. "कारणं ऐकत बसलो तर कंपनी चालायची कशी?" असं ते विचारत.

काळेवाडीच्या बौद्ध वस्तीतली आपली माणसं आली की ते दुप्पट कडक होत. ओव्हाळ आपल्या लोकांना सांभाळून घेतो, हे कोणाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा मरण बरं, असा त्यांचा बाणा. अडुसष्ट साली झाडूखात्यातल्या चतुराबाई सात वाजून चार मिनिटांनी धापा टाकत आल्या आणि काहीतरी सांगू लागल्या, तेव्हा भिवाजींनी मान वर न करता लाल रेघ ओढली होती. बाई सांगणं अर्धवट टाकून झाडू घेऊन कामाला लागल्या. भिवाजी ते विसरले. चतुराबाई विसरल्या नव्हत्या.

असा हा माणूस श्रीलंकेच्या सहलीचा कारभारी झाला, यात नवल काही नव्हतं. विहारातल्या अण्णासाहेबांनी, हे निवृत्त शिक्षक, एका रविवारी अनुराधापूरच्या बोधिवृक्षाबद्दल सांगितलं. वैशाखी पौर्णिमेला तिथे लाखो दिवे लागतात म्हणाले. ऐकणाऱ्यांपैकी कोणी तोवर विमान जवळून पाहिलं नव्हतं. लोहगावला उतरणारं मान वर करून बघायचं, एवढाच संबंध. पण इच्छा धरली ती धरलीच. अडचण तिकिटाची. एकट्यादुकट्यानं काढायचं तर एका कामगाराचे चार पगार जात. भिवाजींनी मुंबईच्या एका एजंटाला पत्रं लिहून लिहून वाट काढली: पंधरा माणसांनी एकत्र जायचं, तेही मध्यरात्रीच्या विमानानं, तर अडीच पगारात भागत होतं. त्यासाठी चार वर्षं भिशी चालली. कोणी विडी सोडली, कोणी दिवाळीचे कपडे सोडले. केसरबाईनं कानातली फुलं मोडली आणि कडुलिंबाच्या काड्या घालून फिरली.

स्वस्ताईला अटी होत्याच. तारीख बदलायची नाही. पैसे परत मागायचे नाहीत. आणि पंधराच्या पंधरा माणसं एकाच वेळी हजर पाहिजेत. एक जरी कमी पडला तर उरलेल्या चौदांनी जागच्या जागी पुरे पैसे भरायचे, नाहीतर घरी जायचं. तिकिटं आणि पासपोर्ट भिवाजींनी स्वतःच्या ताब्यात ठेवले. सगळ्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं: दहा मेची रात्र. मालवाहतूक करणाऱ्या बबनरावांची मॅटाडोर गाडी दहा तारखेला दुपारी चारला विहाराशी येईल. चार म्हणजे चार.

नऊ तारखेला पहिली शिफ्ट सुटली आणि दुसऱ्या शिफ्टचे टाइमकीपर दौलतराव आले. चार्ज देता देता भिवाजींनी कौतुकानं तिकीट त्यांच्या पुढ्यात ठेवलं. दौलतरावांनी ते डोळ्याजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं.

"ओव्हाळ, तुम्ही अजून इथं कसे काय? विमान तर आज आहे."

"उद्या. दहा तारीख लिहिलीय की."

"दहा तारीख, शून्य वाजून चाळीस मिनिटं. म्हणजे आज रात्री बारानंतर चाळीस मिनिटांनी."

भिवाजी हसले. "दौलतराव, तिसऱ्या पाळीला रात्री साडेअकराला आलेला माणूस बारानंतर कोणत्या तारखेवर असतो? आदल्याच ना? दहाच्या रात्रीचे पाऊण वाजले तरी हजेरी दहाचीच लागते."

"आपल्या पुस्तकात लागते, राव. विमानवाल्यांनी आपलं पुस्तक कुठं बघितलंय? त्यांची तारीख बाराच्या ठोक्याला बदलती."

भिवाजींनी तिकीट त्यांच्या हातून घेतलं आणि आकडा पुन्हा वाचला. सतरा वर्षं बारानंतरची रात्र त्यांनी आदल्या दिवसाच्या नावावर लिहिली होती. तिकिटावरचा आकडा त्यांनी शंभरदा वाचला होता, आणि शंभरही वेळा टाइम ऑफिसच्या डोळ्यांनी वाचला होता.

त्यांनी एजंटाला ट्रंक कॉल लावला. तो लागायला चाळीस मिनिटं गेली. तेवढ्या वेळात भिवाजींनी पाण्याचा पेला तीनदा भरला आणि एकदाही तोंडाला लावला नाही. पलीकडून आवाज आला: होय, आजच रात्री. अकरा वाजून चाळीसला काउंटर बंद. पंधरा जण, साहेब, विसरू नका.

साडेचार वाजले होते. पंधरांपैकी तिघं दुसऱ्या शिफ्टला मशीनवर होती, दोघं थेरगावात, बाकी काळेवाडीत. आणि चतुराबाई लेकीला भेटायला महाळुंग्याला गेल्या होत्या.

"तुम्ही गाडी बघा," दौलतराव म्हणाले. "मी माझी राजदूत फटफटी काढतो, बाईंना तळेगावच्या फाट्यावर आणतो. तुमच्या वाटेवरच पडंल."

"आणि इथे कोण बसणार?"

दौलतरावांनी वॉचमनला हाक मारली आणि लाल पेन त्याच्या हातात दिला. भिवाजींनी मान खाली घातली. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर त्यांनी वरपर्यंत रिपोर्ट केला असता.

बबनरावांची मॅटाडोर चिंचवडात कांदे उतरवत होती. अर्धे कांदे तसेच ठेवून ती निघाली, आणि कंपनीच्या गेटावरून तिघांना, थेरगावातून दोघांना घेत काळेवाडीला आली. काळेवाडीत भिवाजी दारोदार धावले. कोणाचं धुणं दोरीवर ओलं होतं, कोणाच्या दशम्या उद्या सकाळी व्हायच्या होत्या. सगळे एकच विचारत होते, "अहो, पण उद्या होतं ना?"

आणि तिथे भिवाजींची जीभ घसरली. "विमानवाल्यांनी ऐनवेळी एक दिवस आधी केलं," ते म्हणाले. बोलून गेले, आणि मग ते परत घेता येईना. केसरबाईनं त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. लग्नाला बावीस वर्षं झालेल्या बाईला न सांगताही पुष्कळ कळतं.

तळेगावच्या फाट्याला ते पोचले तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. राजदूतचा पत्ता नव्हता. दहा मिनिटं गेली. वीस गेली. गाडीत कांद्याचा वास, घाम आणि कुजबुज.

"एका बाईपायी चौदांचं वाटोळं व्हायचं," मागून कोणी म्हणालं.

"ती नसली तर पुरे पैसे भरावे लागतील. आहेत तुझ्याकडे?" केसरबाईनं विचारलं.

सातला पाच कमी असताना धुरळ्यातून राजदूत आली. मागे चतुराबाई एका हातानं दौलतरावांचा खांदा आणि दुसऱ्या हातानं डोक्यावरचा पदर धरून बसल्या होत्या. बोचकं घरी राहिलं होतं. पायात चपलासुद्धा लेकीच्या, एक नंबर मोठ्या.

"जय भीम, भिवादादा," त्या गाडीत चढता चढता म्हणाल्या. "मला इमानात अनवानी घेत्यात का न्हाई म्हून पोरीनं दिल्या."

खंडाळ्याच्या घाटात ट्रक आडवा झाला होता. तिथे तासभर गेला. भिवाजी दर दोन मिनिटांनी मनगटाकडे बघत, आणि प्रत्येक वेळी काटा त्यांच्या अंदाजापेक्षा पुढे असे. अण्णासाहेब अंधारात तक्रारीचा मसुदा तोंडी रचत होते: गरिबांच्या प्रवासाची तारीख परस्पर बदलण्याचा अधिकार आपणास कोणी दिला? प्रत्येक वाक्य भिवाजींच्या छातीत रुतत होतं. सांगून टाकावं असं त्यांना पनवेलला वाटलं, मग वाशीच्या पुलावर वाटलं. दोन्ही वेळा त्यांनी घसा खाकरला आणि बाहेर बघितलं.

सांताक्रूझच्या विमानतळावर पंधरा माणसं धावत शिरली तेव्हा घड्याळात अकरा वाजून बावन्न झाले होते. काउंटरवरचा दिवा मालवला होता. करड्या कोटातला एक अधिकारी कागद आवरत होता.

"बंद झालं," त्यानं मान वर न करता सांगितलं. "बारा मिनिटांपूर्वी."

भिवाजींनी ती खाली घातलेली मान पाहिली आणि त्यांना ती ओळखीची वाटली.

अण्णासाहेब पुढे सरसावले. "तुम्ही परस्पर तारीख बदलता आणि वर आम्हाला वेळ शिकवता? मी वरपर्यंत जाईन!"

आता अधिकाऱ्यानं मान वर केली, आणि त्याचा चेहरा दगडासारखा झाला. "तारीख बदलली? आम्ही? लेखी दाखवा. नसेल तर बाजूला व्हा, नाहीतर पोलीस बोलावतो."

मागे कोणाची तरी म्हातारी आई रडायला लागली. भिवाजींच्या लक्षात आलं की आता आणखी दोन वाक्यं, आणि चार वर्षं संपली. ते अण्णासाहेबांच्या पुढे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"साहेब, कोणी तारीख बदललेली नाही. मी खोटं बोललो. चूक माझी आहे. मी कंपनीत टाइमकीपर आहे. आमच्याकडे रात्रपाळीची हजेरी आदल्या तारखेला लागते. मी तिकीट तसंच वाचलं. दुपारी कळलं. या चौदा जणांचा काही दोष नाही."

अण्णासाहेब त्यांच्याकडे असे बघत राहिले की भिवाजींना जमीन पोटात घेईल तर बरं असं वाटलं. मागून चतुराबाईंचा आवाज आला, रागाचा नव्हे, नुसता सरळ.

"चार मिन्टाला माजा अर्धा रोज गेल्ता, दादा. ही तर बारा हायेत."

अधिकाऱ्यानं एकदा बाईंकडे आणि एकदा भिवाजींकडे पाहिलं. "आदल्या तारखेला लागते?" त्यानं विचारलं.

"हो साहेब."

"आमचीही तशीच लागते," तो म्हणाला. "मी सकाळी सहापर्यंत इथे आहे, आणि माझी हजेरी नऊची आहे." त्यानं टेलिफोन उचलला, कोणाशी तरी इंग्रजीत हळू बोलला, थांबला, पुन्हा बोलला. मग त्यानं दिवा लावला. "पंधराच्या पंधरा आहेत ना? मोजून दाखवा. आणि पळा."

विमानात जागा वाटता वाटता भिवाजींच्या शेजारी चतुराबाई आल्या. केसरबाई मुद्दाम मागे जाऊन बसली असावी. विमान वर उठलं तेव्हा बाईंनी दोन्ही हातांनी खुर्ची गच्च धरली, आणि खाली मुंबईचे दिवे दिसले तेव्हा सोडली.

"आता कोंची तारीख, दादा?" त्यांनी विचारलं.

"दहा."

"तुमच्या पुस्तकात?"

"नऊच," भिवाजी म्हणाले. बाई तोंडाला पदर लावून हसल्या. भिवाजींना हसू आलं नाही. पाठीमागच्या रांगेतून अण्णासाहेबांनी अजून त्यांच्याशी एक शब्द उच्चारला नव्हता, आणि पुढचे कितीतरी दिवस उच्चारणार नव्हते, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्यांच्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. त्या करड्या कोटानं ऐकून घेतलं होतं. आपण अकरा वर्षांपूर्वी ऐकूनही घेतलं नव्हतं.

"चतुराबाई," त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "त्या दिवशी उशीर का झाला होता?"

बाईंनी मान त्यांच्याकडे वळवली.

"आत्ता इचारताय व्हय? मी सांगाया लागल्ते तवाच तुमी रेघ ओढली." त्यांनी मोठाल्या चपलांमधले पाय वर घेतले. "तवा मी काळेवाडीत ऱ्हात न्हवते, गावाकडनं चालत यायची. हिरीवर समद्यांचं भरून झालं की मंग आमचा नंबर. त्या दिशी त्यांच्यात लगीन हुतं. घागरीमागनं घागर. मी पहाटं चारपासनं हुबी हुते, दादा. शेवटाला रिकामीच घागर घिऊन आले आन् तशीच कामावर पळाले. पोरांना पानी न्हाई, आन् माजा अर्धा रोजबी न्हाई."

भिवाजींची आई अशीच उभी राहायची. विहिरीपासून वीस हात लांब, डोक्यावर चुंबळ आणि काखेत रिकामी घागर. आणि लहानगा भिवा तिचं बोट धरून. हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. सगळ्या कंपनीत ते कारण ज्याला एका शब्दात कळलं असतं असा माणूस एकच होता, आणि तो लाल पेन घेऊन बसला होता.

त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. चतुराबाईंनी पदराच्या गाठीतून लेकीनं दिलेली दशमी काढली आणि अर्धी मोडून त्यांच्या हातावर ठेवली.

"खावा," त्या म्हणाल्या. "दुपारधरनं काय खाल्लं नसंल तुमी."