आप्पांचं एक नंबर सॅम्पल

आमच्या घरात सगळ्यात जास्त शिकलेली मी, त्यामुळे वडिलांच्या शौचाची जबाबदारी माझ्यावर आली.

थोरल्या काकांना आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन होऊन काका वाचले आणि सांगलीच्या डॉक्टरांनी मोर्चा आप्पांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे वळवला.

"सख्ख्या भावाला झालाय. तुम्ही दुर्बिणीनं आतडं तपासून घ्या."

"दुर्बीण कुठनं घालत्यात?"

डॉक्टरांनी सांगितलं. आप्पा उठून चपला शोधायला लागले.

तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे, आप्पा बेदाणा करतात. गारपीट, रोगराई, व्यापारी, सगळ्यांना छाती पुढं काढून सामोरा जाणारा माणूस! पण संकट मागच्या बाजूनं आलं तर काय करायचं, याची त्यांना सवय नव्हती.

"दुसरं काय न्हाई का?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"सीटी स्कॅनवर आतड्याचं चित्र निघतं. पण त्यालाही आदल्या दिवशी जुलाबाचं औषध घेऊन पोट साफ करावं लागतं."

"आनि?"

"गिळायचा कॅमेरा असतो. गोळीएवढा. फोटो काढत काढत बाहेर पडतो."

"पडला का न्हाई, ते कोन बघनार?" आप्पांनी आईकडे पाहिलं. आईनं खिडकीकडे पाहिलं.

शेवटी डॉक्टरांनी ड्रॉवरमधून बोटाएवढी, झाकणाला काडी असलेली बाटली काढली. घरच्या घरी सॅम्पल घ्यायचं. त्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त असलं तरी कळतं. "तुमच्या घरातला आजार बघता खरं तर दुर्बीणच करायला हवी. पण काहीच न करण्यापेक्षा हे बरं. यात रक्त आलं, तर मात्र दुर्बीण टळणार नाही."

आप्पांनी यातलं 'घरच्या घरी' एवढंच ऐकलं.

बाटलीबरोबरचा कागद इंग्रजीत होता. "वाच की गं," आप्पा म्हणाले, "त्यासाठीच इंग्लिश मिडियमला घातली."

(इथं माझ्याबद्दल सांगायला हवं. शाळेत बाथरूमला जायची परवानगी हात वर करून इंग्रजीत मागावी लागे. मी दहा वर्षं पाणीच कमी प्यायले.)

तोंडानं सांगणं शक्यच नव्हतं. मी एक चिठ्ठी लिहिली. 'सकाळी कागदावर घ्यावे. पाणी लागू देऊ नये. काडी चार ठिकाणी टोचावी. काडीला लागेल तेवढे पुरे. झाकण घट्ट लावावे.' काय घ्यावे, कुणाचे घ्यावे, असल्या अभद्र तपशिलात मी शिरले नाही. चिठ्ठी आईच्या हाती पाठवली आणि जेवायची वेळ होईपर्यंत माळ्यावर काहीतरी शोधत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा शर्टाच्या खिशात बाटली घेऊन रानातून आले. चेहऱ्यावर माल पॅक झाल्याचं समाधान. घरात संडास असताना हे रानात कशाला गेले, असा प्रश्न मला पडला. पण तो वडिलांना विचारण्याइतकी मी शिकलेली नव्हते. बाटलीवर आप्पांचं नाव आणि वय घातलं, ती पर्समध्ये लिपस्टिकशेजारी ठेवली आणि एसटीनं सांगलीला पोचवून आले.

चार दिवसांनी फोन आला. सॅम्पलमध्ये रक्त होतं.

आई मटकन खाली बसली. आप्पा मात्र चहात चपाती बुडवत होते.

"मला काय झालेलं न्हाई."

"आवं, रिपोर्ट आलाय," आई रडत म्हणाली.

"त्यो बिरूचा हाय."

बिरूमामा माण तालुक्यातले मेंढपाळ. दर उन्हाळ्यात कळप घेऊन येतात. लेंडीखतासाठी आम्ही चार दिवस त्यांच्या मेंढ्या रानात बसवतो. यंदा मेंढ्यांच्या मालकानंही हातभार लावला होता.

"बेदान्याचं सॅम्पल देताना काय करतुया आपन?" आप्पांनी आम्हालाच समजावलं. "सुकवायच्या वरच्या जाळीवरचा एक नंबर माल देतो. तळातला काळा दावतो का कवा? बिरूचा कोठा लोखंडी. दिसभर चालतो, भाकरी-ठेचा खातो. म्हनलं, त्याचंच देऊ. त्याला म्या दोन किलो बेदाना दिला."

"आवं, बेदाना इकायचा असतो," आई म्हणाली. "तुमाला कोन इकत घेनार हुतं?"

आप्पांचा घास तोंडाशीच थांबला. "मग बिरूला काय झालं आसंल गं?"

बिरूमामांचा फोन बंद. कळप दोन दिवसांपूर्वीच पुढं निघालेला. आप्पांनी मोटारसायकल काढली आणि मला मागं बसवलं. "इंग्रजी रिपोर्ट हाय, तूच सांग," एवढंच म्हणाले.

विट्याच्या पुढं रस्त्याकडेला, चहाच्या टपरीजवळ कळप सापडला. आप्पा उतरले आणि खाली वाकून टायर तपासायला लागले. बिरूमामा माझ्याकडं बघत उभे. दीडशे मेंढ्या एका सुरात ओरडत होत्या.

"मामा, ते सॅम्पल..."

"आं?"

"रिपोर्टमध्ये थोडं..."

"मोट्यानं बोला, ताई."

मी डोळे मिटले. "तुमच्या संडासात रक्त आलंय!"

दीडशे मेंढ्या नेमक्या त्याच क्षणी गप्प झाल्या. टपरीवरचे सगळे वळले. थांबलेल्या एसटीच्या खिडकीतून एका आजोबांनी मान बाहेर काढून विचारलं, "कुनाच्या?"

बिरूमामा शांत होते. "त्ये व्हय. लय दिस झालं. मूळव्याध आसंल म्हनून गप हाय. कुनाला सांगायचं ताई, लाज वाटती."

माझा आजार असलेला माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता.

"मग आप्पांना देताना तरी सांगायचं."

"त्येंनी इचारलंच न्हाई. म्हनलं, खताला आमाला बोलवत्यात. यंदा घरातबी लागत आसंल."

"मामा, दुर्बिणीनं तपासून घ्यावं लागेल."

ती कुठून घालतात, हेही मी सांगितलं. आता एसटीपासून काय लपवायचं राहिलं होतं! बिरूमामा टायरमागच्या आप्पांकडं बघत म्हणाले, "मालक आदी करून घेत्याल, तर मीबी करतो."

आप्पांनी टायर पुन्हा एकदा दाबून पाहिला. हवा भरपूर होती. पळायला काही निमित्त उरलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात दोघांनी आमच्या घरी बसून जुलाबाचं औषध घेतलं. घरात संडास एकच. तो आप्पांनी सोडला नाही. बिरूमामांना अख्खी बाग मोकळी होती. सांगलीत आप्पा आधी आत गेले, मागोमाग बिरूमामा. बिरूमामांची खरंच मूळव्याध निघाली. आप्पांच्या आतड्यात मात्र दोन गाठी सापडल्या. डॉक्टरांनी त्या तिथल्या तिथं काढल्या. तपासणीत कॅन्सर नव्हता, पण तशाच राहिल्या असत्या तर पुढं काकांसारखं होऊ शकलं असतं.

"स्वतःचं सॅम्पल दिलं असतंत तर रक्त कदाचित आलंही नसतं," डॉक्टर म्हणाले. "लहान गाठी त्या टेस्टमध्ये निसटतात. आणि तुम्ही निर्धास्त बसला असता."

मी आप्पांकडं पाहणं टाळलं. उपयोग झाला नाही.

"बघ," आप्पा म्हणाले, "सॅम्पल एक नंबर मालाचंच द्यायचं असतं."

गेल्या महिन्यात फलटणचं एक स्थळ मला बघायला आलं. मी नेहमीप्रमाणे पायाच्या अंगठ्याकडं बघत होते. मुलाच्या आईनं हळूच विचारलं, "मुलगी फारच अबोल आहे का हो?"

"कोन, ही?" आप्पा अभिमानानं म्हणाले. "विट्याच्या रोडला कुनालाबी इचारा." आणि त्यांनी सगळी कथा सांगितली, टायर वगळून.

मुलाच्या आईनं मला आतल्या खोलीत नेलं. मला वाटलं, आवडीनिवडी विचारतील. तर म्हणाल्या, "आमच्या ह्यांना डॉक्टरांनी तसली बाटली दिलीय. कपाटातच पडलीय. नीट सांग बघू." मी अर्धा तास सांगत होते, एकदाही न अडखळता. मग माझी ती जुनी चिठ्ठी दिली. तिच्यात सगळ्यात वर आता मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'स्वतःचेच घ्यावे.'

त्यांचा होकार अजून आलेला नाही. मुलाच्या वडिलांचा रिपोर्ट मात्र आला. नॉर्मल आहे.